ब्लॅक आणि बाई, दोन्ही एकदम

माझी मुलगी आठवीत असताना एकदा माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला "आंटी" म्हणाली. आपल्याकडे आईच्या वयाची बाई दिसली की आंटी, त्यात विचार करायचा काय असतो. मैत्रीण ब्लॅक अमेरिकन आहे, जॉर्जियात वाढलेली, आता पंचावन्नची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती छान हसली लेकीकडे बघून, पण त्याआधी एक क्षण थबकली, आणि तो क्षण मला दिसला. नंतर गाडीत तिनेच विषय काढला. तुझ्या लेकीने मायेनेच म्हटलं हे मला कळतं, आमच्यातही मावश्यांना-आत्यांना आम्ही असंच म्हणतो, पण माझ्या आजीला गावातली गोरी माणसं आयुष्यभर "आंटी" म्हणत राहिली, का तर त्यांना तिला "मिसेस" म्हणायचं नव्हतं.

न्यू जर्सीत एकवीस वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं.

मग २०२४ ची निवडणूक आली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर कमला हॅरिसवरून जुंपली. आई तामिळ, नाव कमला, मग ही ब्लॅक कशी? आपली म्हणायची की त्यांची? त्यातच ३१ जुलैला शिकागोला ब्लॅक पत्रकारांच्या संमेलनात ट्रम्प म्हणाले की ही आधी भारतीय होती आणि अचानक ब्लॅक झाली, तो व्हिडिओ ग्रुपवर चार जणांनी टाकला आणि मावसभावाने मला विचारलं, तू तिथे राहतेस ना, सांग बरं हे नक्की काय प्रकरण आहे. मी तीन मेसेज लिहिले आणि तिन्ही पुसून टाकले, कारण ते मेसेजमध्ये मावतच नाही. म्हणून हा लेख, ब्लॅक असणं, बाई असणं आणि त्यात पन्नाशीला पोचणं यावर. मी ब्लॅक नाही, त्यामुळे हे शेजारच्या घरातून बघितलेलं आहे, पण बराच काळ आणि मन लावून बघितलेलं आहे.

आधी तो शब्दच बघू

आपल्या कानाला "काळी" हा रंग वाटतो. गोरी, गव्हाळ, सावळी, काळी, लग्नाच्या जाहिरातीतली उतरंड डोक्यात पक्की बसलेली असते. म्हणून एखादी दुधी कॉफीच्या रंगाची बाई स्वतःला ब्लॅक म्हणवते तेव्हा आपण चक्रावतो, कारण आपल्या हिशेबाने ती सावळीसुद्धा नसते.

तिथे ब्लॅक हा रंगापेक्षा कितीतरी जास्त इतिहास आहे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांची, कुठल्या गावची, कुठल्या भाषेची, कुठल्या देवाची ही सगळी ओळख पुसली गेली, आणि पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत त्या वेगवेगळ्या माणसांतून एक नवा समाज तयार झाला, त्याचं स्वतःचं जेवण, गाणं, देवळातली रीत, बोलायची ढब. त्या समाजाचं नाव ब्लॅक. २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ठरवलं की हा शब्द इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं ठेवून लिहायचा, जसं आपण एखाद्या समाजाचं नाव लिहितो. देवनागरीत मोठं अक्षर नाही, म्हणून मराठीत तो फरक दिसत नाही आणि "कृष्णवर्णीय" लिहिलं की परत रंगच पुढे येतो. मी म्हणून सरळ ब्लॅक लिहितेय.

आता कमला हॅरिस. जन्म १९६४, ओकलंड. आई मद्रासकडची, वडील जमैकाचे. कॉलेज हॉवर्ड युनिव्हर्सिटी, जी गुलामगिरी संपल्यावर १८६७ मध्ये मुख्यतः ब्लॅक मुलांसाठी निघाली, आणि तिथल्याच १९०८ मध्ये सुरू झालेल्या अल्फा कप्पा अल्फा या ब्लॅक मुलींच्या संघटनेची ती सभासद. म्हणजे ती ब्लॅक घरात जन्मली, ब्लॅक संस्थेत घडली आणि तामिळ आईची मुलगी पण आहेच. माझ्या भाच्याची आई कोल्हापूरची आणि बाबा लखनौचे आहेत, तो मराठी की हिंदी असं कोणी विचारलं की तो नुसता बघत बसतो, त्याला प्रश्नच कळत नाही. तसंच आहे हे.

शिवाय ब्लॅक कोण हे ठरवायचा हक्क कित्येक पिढ्या त्यांच्याकडे नव्हताच. व्हर्जिनियाने १९२४ मध्ये कायदा करून टाकला की गोरा म्हणजे ज्याच्यात दुसऱ्या रक्ताचा मागमूस नाही तो (मूळ अमेरिकन पूर्वजांपुरती थोडी सूट होती), बाकी सगळे पलीकडे. एक थेंब पुरे. ते १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोऱ्या-ब्लॅक लग्नांवरची बंदी उठवली तेव्हा मोडीत निघालं. ज्यांना एका थेंबावरून पलीकडे ढकललं, त्यांच्याच मुलींना आज विचारायचं की तू पुरेशी ब्लॅक आहेस का, हे मला फार निर्दय वाटतं.

गाय ज्याची, वासरू त्याचं

हा भाग सांगितल्याशिवाय "बाई" हा शब्द तिथे वेगळा का आहे ते कळणार नाही.

इंग्लंडच्या जुन्या रीतीप्रमाणे मुलाला बापाचा दर्जा मिळायचा. १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या वसाहतीने ते उलटं केलं, मूल गुलाम की मोकळं हे आईवरून ठरेल असा कायदा केला. वरवर बघता आईला मान दिल्यासारखं वाटतं ना? पण याचा अर्थ असा की मालकाने गुलाम बाईवर बळजबरी केली आणि मूल झालं तर ते मूल त्याचं वारस होणार नाही, त्याची मालमत्ता होईल. गोठ्यातला नियम माणसांना लावला. पुढे १८०८ मध्ये बाहेरून गुलाम आणायला बंदी आली आणि तरी १८६० पर्यंत तिथे जवळजवळ ४० लाख माणसं गुलामीत होती, ती मुख्यतः या बायकांच्या पोटी जन्मलेली.

म्हणजे गोऱ्या बाईसाठी आईपण हे घरातलं मानाचं पद होतं, पायात बेड्या घालणारं का असेना, आणि ब्लॅक बाईसाठी तिची कूस ही दुसऱ्याच्या हिशेबाच्या वहीतली ओळ होती. दोघींना "बाई" म्हणायचं आणि दोघींचं दुःख सारखं धरायचं, तिथेच पहिली चूक होते.

हद्दीचा वाद

समजा दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीवरच्या चौकात तुम्हाला गाडीने उडवलं. इकडच्या ठाण्यात गेलात तर ते म्हणतात ही आमची हद्द नाही. तिकडे गेलात तर ते म्हणतात अपघात रस्त्याच्या अलीकडे झाला, त्यांच्याकडे जा. पाय मोडलाय, ठाणी दोन्ही आहेत, कायदाही आहे, आणि तक्रार घेणारं कोणी नाही.

हे अगदी असंच एका कोर्टात झालंय. सेंट लुईसला जनरल मोटर्सचा कारखाना होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधी तिथे ब्लॅक बायकांना घेतच नव्हते. नंतर घेतलं, आणि सत्तरच्या दशकात मंदी आल्यावर जो शेवटी लागला तो आधी बाहेर या नियमाने कपात झाली. उशिरा कोण लागलं होतं? ज्यांना आधी दारच बंद होतं त्या. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ मध्ये कोर्टाने जे सांगितलं ते थोडक्यात असं की कंपनी बायकांना आधीपासून घेत आलीय, त्यामुळे बाई म्हणून भेदभाव झाला असं दिसत नाही, आणि वंशाची तक्रार असेल तर ती कंपनीवरच्या दुसऱ्या खटल्याबरोबर चालवा, पण दोन्ही एकत्र करून तुमचा वेगळा वर्ग मानता येणार नाही. आता त्या आधीपासूनच्या बायका गोऱ्या होत्या, ऑफिसातल्या. आणि ब्लॅक कामगार होते ते पुरुष, यंत्रावरचे. ब्लॅक बाई दोन्ही याद्यांत कुठेच नव्हती आणि कोर्टाला ते दिसायची सोयच नव्हती.

किम्बर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये हा खटला समोर ठेवून एक लेख लिहिला आणि त्यात इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द आणला. इंटरसेक्शन म्हणजे चौक. तिनेही चौकातल्या अपघाताचंच उदाहरण दिलंय. अर्थ एवढाच, की माणसावर दोन रस्त्यांवरून एकदम काही येतं तेव्हा जे होतं ते एकेक रस्ता वेगळा बघून कळत नाही. हा जड शब्द मी पुढे परत वापरणार नाही, चौक म्हणेन.

माझ्या डोक्यात हे नीट बसलं ते कुंकवावरून. हळदीत चुना मिसळला की लाल होतं. हळदीत लाल शोधलं तर सापडणार नाही, चुन्यातही नाही. आणि एकदा लाल झालं की यातली हळद किती आणि चुना किती हे वेगळं काढून दाखवा म्हणणाऱ्याला काय उत्तर देणार. मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिने मला दोनदा परत सांगायला लावलं आणि मग घरी जाऊन स्वतःच्या लेकीला फोन करून सांगितलं.

"मिस हॅमिल्टन म्हणा"

आता त्या "आंटी"कडे येते.

१९६३, अलाबामातलं गॅड्सडेन. मेरी हॅमिल्टन नावाची ब्लॅक कार्यकर्ती कोर्टात साक्षीला उभी. सरकारी वकील तिला "मेरी" म्हणतो. गोऱ्या साक्षीदारांना मिस, मिसेस, मिस्टर, आणि हिला नुसतं मेरी. ती म्हणाली मला मिस हॅमिल्टन म्हणा, तोवर उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी कोर्टाचा अवमान म्हणून पाच दिवस तुरुंग आणि ५० डॉलर दंड सुनावला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६४ मध्ये शिक्षा रद्द झाली. म्हणजे एका बाईला "मिस" म्हणावं की नाही हे देशाच्या सर्वात वरच्या कोर्टापर्यंत न्यावं लागलं.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. अगं-जागं आणि अहो-जाहो यातलं अंतर आपल्याला जन्मापासून कळतं. आणि आपल्याकडे "मावशी" बघा. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आपण मावशी म्हणतो, किती गोड शब्द आहे, पण माझ्या आईकडे सोळा वर्षं काम केलेल्या मावशींचं आडनाव मला त्या वारल्यावर कळलं. नात्याचा शब्द माया लावूनही येतो आणि माणसाचं नाव झाकायलाही येतो. मैत्रिणीच्या आजीचं तसंच झालं होतं. पॅनकेकच्या डब्यावरची आंट जेमायमा आठवते का, हसरी, गुबगुबीत, डोक्याला रुमाल बांधलेली? ते नाव १८८९ पासून चालत आलेलं, शेवटी २०२१ मध्ये बदललं. प्रौढ ब्लॅक बाई म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आनंदाने राबणारी, तिला स्वतःचं घर, नवरा, आडनाव काही नसतं, ही प्रतिमा एवढी वर्षं लोकांच्या नाश्त्याच्या टेबलावर होती.

यात आणखी एक गोष्ट मला फार लागली. सोजर्नर ट्रुथ, गुलामीतून सुटलेली बाई, १८५१ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला बायकांच्या परिषदेत बोलली. "मी बाई नाही का?" हे तिचं वाक्य म्हणून जगभर पोस्टरवर छापतात. पण त्याच वर्षी वर्तमानपत्रात आलेल्या वृत्तांतात ते वाक्य नाहीच, ते बारा वर्षांनी एका गोऱ्या लेखिकेने छापलेल्या आवृत्तीत आलं, तेही दक्षिणेतल्या गुलामांच्या बोलीत, आणि ट्रुथ तर न्यूयॉर्क राज्यातली, लहानपणी डच बोलणारी! बाईपणावरचं तिचं स्वतःचं बोलणंसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून आपल्यापर्यंत आलं.

केसच तर आहेत, त्यात काय एवढं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, म्हणून जरा सविस्तर.

१७८६ मध्ये लुइझियानात, तेव्हा तिथे स्पेनचं राज्य होतं, गव्हर्नरने हुकूम काढला की मोकळ्या ब्लॅक आणि मिश्रवंशीय बायकांनी केस फडक्याखाली झाकायचे. त्यांचे सजवलेले केस बघून त्या गोऱ्या बायकांच्या बरोबरीच्या दिसत होत्या, ते खुपत होतं. बायकांनी काय केलं तर एकाहून एक सुंदर कापडं घेतली आणि फेटे असे बांधले की तीच फॅशन झाली. तेव्हापासून आजपर्यंत ही ओढाताण चालू आहे.

मैत्रिणीच्या केसांना पहिल्यांदा रिलॅक्सर लावलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. रिलॅक्सर म्हणजे कुरळे केस सरळ करायचं रसायन, जुन्या प्रकारात तर चक्क कॉस्टिक सोडा असायचा. डोक्याची कातडी भाजायची, खपल्या धरायच्या, आई म्हणायची अजून दोन मिनिटं थांब. आई वाईट नव्हती हो. सरळ केसांशिवाय पोरीला बँकेत, शाळेत, ऑफिसात कोणी उभं करणार नाही हे तिला माहीत होतं. आणि ते खरंही होतं, अलाबामात एका ब्लॅक तरुणीला केसांच्या जटा काप नाहीतर नोकरी नाही असं सांगितलं गेलं आणि २०१६ मध्ये वरच्या कोर्टाने त्यात वंशभेद नाही असा निकाल दिला, कारण केशरचना काय, बदलता येते. मग २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने क्राउन ॲक्ट आणला, ज्यात वेण्या, जटा, नैसर्गिक कुरळे केस यावरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायला बंदी आहे, त्याच वर्षी आमच्या न्यू जर्सीनेही केला, आता वीसहून जास्त राज्यांत तो आहे. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये खालच्या सभागृहात पास झालं आणि वर सिनेटमध्ये अडकलं.

मिशेल ओबामा आठ वर्षं व्हाइट हाउसमध्ये केस सरळ करून राहिली आणि २०२२ मध्ये तिने सांगितलं की वेण्या घालायच्या मनात होत्या, पण देश अजून ब्लॅक कुटुंबाचीच सवय करून घेत होता, त्यात वेण्यांचा विषय नको म्हणून टाळलं. हार्वर्डची वकील, राष्ट्राध्यक्षाची बायको, आणि सकाळी आरशासमोर हा हिशेब.

पन्नाशीशी याचा संबंध असा, की २०२२ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा एक अभ्यास आला. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्या बायकांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. म्हणजे एकूण धोका कमीच, पण दुपटीहून जास्त वाढलेला. त्यातून रसायनामुळेच कॅन्सर झाला हे सिद्ध होत नाही, संबंध दिसतो एवढंच. पण आठव्या वर्षापासून चाळीस वर्षं जिने ते डोक्यावर घेतलं तिने ही बातमी कशी वाचली असेल? मैत्रिणीने त्या आठवड्यात केस बारीक कापून टाकले. आता ते करडे, गुंडाळे-गुंडाळे उगवतायत आणि ती रोज हात लावून बघते, कारण स्वतःचे खरे केस कसे आहेत हे तिला पहिल्यांदा समजतंय.

ज्या भाषेत केशवपन हा शब्द आहे त्या भाषेत केसच तर आहेत असं म्हणू नये असं मला वाटतं.

पाळी जाते तेव्हा

मेनोपॉजबद्दल आपण एवढंच धरून चाललेलो असतो की सगळ्या बायकांचं सारखंच. स्वॅन नावाचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत नव्वदच्या दशकात सुरू झाला, ३,३०० च्या वर बायका, गोऱ्या, ब्लॅक, हिस्पॅनिक, चिनी, जपानी, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहून माहिती घेतली. २०१५ मध्ये त्यातून आलेला आकडा असा की अंगातून वाफा येणं, रात्री घामाने भिजणं हा त्रास गोऱ्या बायकांना साधारण साडेसहा वर्षं पुरतो आणि ब्लॅक बायकांना दहा. जपानी बायकांना पाचच्या आत. पाळीही ब्लॅक बायकांची काही महिने लवकर जाते.

का? एकच कारण नाही. पण आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ मध्ये जी कल्पना मांडली ती आता बरीच मानली जाते, तिला वेदरिंग म्हणतात, म्हणजे ऊनपावसाने झिजणं. एकाच सागाच्या लाकडाची, एकाच सुताराने केलेली दोन दारं घ्या. एक माजघरात बसवलं आणि एक पश्चिमेला तोंड करून, जिथे दर पावसाळ्यात झड येते. तीस वर्षांनी बाहेरचं दार फुगलेलं, तडकलेलं असेल. लाकडात खोट नाही, पावसात उभं होतं म्हणून. दुकानात मागे-मागे फिरणारा वॉचमन, मीटिंगमध्ये दहा वेळा तपासून बोलायचं, रात्री मुलगा गाडी घेऊन गेला की तो येईपर्यंतची झोप, ही झड आहे आणि ती शरीरात मुरते.

आता यावर येणारी शंका, शिकलेल्या, पैसेवाल्या बायकांना तरी हे लागू नसेल? मलाही तसंच वाटायचं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची २०२३ ची आकडेवारी बघा, बाळंतपणाशी संबंधित मृत्यू लाख जन्मांमागे गोऱ्या बायकांत १४.५ आणि ब्लॅक बायकांत ५०.३. आणि त्याच केंद्राच्या २०१९ च्या अहवालात दिसतं की कॉलेजची पदवी असलेल्या ब्लॅक बाईला हा धोका शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त होता. सेरेना विल्यम्स, टेनिसमध्ये जगात पहिली ठरलेली, जिला स्वतःच्या रक्तात गुठळ्या होतात हे आधीपासून माहीत होतं, २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तिला श्वास लागला आणि तिने स्वतः सांगितलं की स्कॅन करा, औषध द्या, तर नर्सला वाटलं वेदनाशामकाने हिला भ्रम झालाय. गुठळ्या निघाल्या.

न ऐकण्याचं हे मूळ फार खोल आहे. स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कशी होता त्या मॅरियन सिम्सने १८४५ ते १८४९ मध्ये अलाबामात गुलाम बायकांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या, त्यातल्या तिघींची नावं राहिलीयत, अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा. पुतळा हलवला २०१८ मध्ये. आणि जुनं झालं म्हणावं तर २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि शिकाऊ डॉक्टरांनी ब्लॅक माणसांची कातडी जाड असते यासारखं एखादं तरी विधान खरं धरलं होतं.

मैत्रिणीला फायब्रॉइड आहेत, गर्भाशयातल्या गाठी. ब्लॅक बायकांत त्या जास्त आणि कमी वयात होतात, पन्नाशीपर्यंत ऐंशी टक्क्यांहून जास्त जणींना. पिशवी काढून टाका हा सल्लाही त्यांना जास्त मिळतो. फॅनी लू हेमर, मिसिसिपीतली कापूस वेचणारी बाई, १९६१ मध्ये गाठ काढायला दवाखान्यात गेली आणि डॉक्टरने तिला न सांगता पिशवीच काढून टाकली. हे तिथे इतकं सर्रास होतं की त्याला "मिसिसिपीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन" म्हणायचे. हेच वाचताना मला बीड आठवलं, २०१९ च्या पाहणीत ऊसतोड बायकांमध्ये तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कोणाची पिशवी पटकन काढली जाते आणि कोणाला आधी औषध देऊन बघतात, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

हेमरचं पुढचं सांगते. ती ४४ व्या वर्षी, १९६२ मध्ये, मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. पुस्तकात असतं की अमेरिकन बायकांना मताचा हक्क १९२० मध्ये मिळाला, पण दक्षिणेत बहुतेक ब्लॅक बायकांना तो हातात पडला १९६५ च्या कायद्यानंतर. हेमरला मळ्यातून हाकललं, तुरुंगात मारलं, आणि तरी ४६ व्या वर्षी ती देशाच्या टीव्हीवर डेमोक्रॅटिक पक्षाला जाब विचारत होती. रोझा पार्क्स बसमध्ये उठली नाही तेव्हा ४२ ची होती. आपण यांना थकलेल्या म्हाताऱ्या समजतो. त्या माझ्याहून लहान होत्या.

"ती खमकी आहे, निभावून नेईल"

हे कौतुक वाटतं. मैत्रिणीला ते ओझं वाटतं. २०१० मध्ये शेरिल वूड्स-जिस्कोम्बे या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने ब्लॅक बायकांशी बोलून याची नीट मांडणी केली, की खंबीर दिसायचंच, रडायचं नाही, मदत मागायची नाही, आधी सगळ्यांचं मग स्वतःचं, आणि यामुळे मान मिळतो खरा पण शरीर आणि झोप जाते. बरं, खंबीरपणा सोडून आवाज चढवला तर लगेच "चिडकी ब्लॅक बाई" ठरते. मी मीटिंगमध्ये तावातावाने बोलले तर मी पॅशनेट ठरते, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्याच मीटिंगमध्ये, त्याच मुद्द्यावर.

पैशाचंही तसंच. साठच्या दशकात गोऱ्या मध्यमवर्गीय बायका मागत होत्या की आम्हाला घराबाहेर पडून काम करू द्या, आणि मैत्रिणीची आजी बाहेर पडून त्यांच्याच घरी काम करत होती. १९३५ मध्ये पेन्शनची सोशल सिक्युरिटी योजना आली तेव्हा घरकामगार आणि शेतमजूर वगळले होते, म्हणजे जिथे बहुतेक ब्लॅक बायका होत्या तीच दोन कामं. आजी म्हातारी झाल्यावर तिचं कोणी केलं, तर लेकीने. आता लेकीचं, म्हणजे स्मृती गेलेल्या आईचं, मैत्रीण करतेय, नोकरी सांभाळून, अंगातून वाफा येत असताना.

पण मराठी माणसाला याच्याशी काय?

नातं जुनं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" लिहिलं तेव्हा ते अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. आणि चौकाची गोष्ट तर आपल्याकडे क्रेनशॉच्या आधी १३४ वर्षं लिहिली गेलीय. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, जेमतेम चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने "ज्ञानोदय"मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, त्यात ती म्हणते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात त्यांना किती क्लेश होतात ते स्वतःच्या अनुभवावरून तरी समजून घ्या. जात आणि बाळंतपण, दोन रस्ते एका वाक्यात. १९९५ मध्ये दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला तेव्हाही कारण हेच होतं, स्त्रीचळवळीत सवर्ण बायका बोलत होत्या आणि दलित चळवळीत पुरुष.

जात आणि वंश एकच असं मी म्हणत नाही, इतिहास वेगळा, कायदे वेगळे. पण मी सवर्ण घरातली आहे आणि मैत्रिणीचं ऐकताना मला अनेकदा आईकडच्या त्या मावशींच्या जागी ती दिसते आणि गोऱ्या मालकिणीच्या जागी आम्ही. हे लिहायला सोपं नाहीये.

सगळं दुःखच आहे का मग?

नाही हो. रविवारी तिच्या चर्चला एकदा जा, सत्तरीच्या बायकांच्या हॅट बघा, जांभळ्या, पिवळ्या, पिसं लावलेल्या, आठवडाभर दुसऱ्याच्या गणवेशात राबलेल्या डोक्यांवरचे ते मुकुट. तिच्या पाच मैत्रिणींचा गट दर महिन्याला जमतो, जेवण, गाणी, आणि मेनोपॉजवर मोठ्याने बोलणं. त्यांच्या आयांच्या तोंडी तो शब्द कधी आला नव्हता. २०२० मध्ये मिशेल ओबामाने आपल्या पॉडकास्टवर सरकारी हेलिकॉप्टरमध्ये अंगातून भट्टी पेटल्यासारखं झालं ते सांगितलं, २०२४ मध्ये हॅली बेरी संसदेच्या इमारतीबाहेर माझा मेनोपॉज चालू आहे असं ओरडून बोलली, त्यावर या गटात किती चर्चा झाली होती. पन्नाशी ही त्यांना काहीतरी मोकळं झाल्यासारखी वाटते, केस आपले, वेळ थोडा आपला, नाही म्हणायला आता भीती नाही.

"आंटी"चा प्रश्न तिनेच सोडवला. दक्षिणेत मुलं मोठ्या बाईंना "मिस" लावून पुढे पहिलं नाव घेतात, माझी लेक तेव्हापासून तसंच म्हणते, आता कॉलेजात आहे तरी.

गाठींसाठी ती गेल्या महिन्यात डॉक्टरकडे गेली होती आणि सात मिनिटांत पिशवी काढायची तारीख घेऊन बाहेर आली. दुसरा काही उपाय आहे का हे विचारायचं राहूनच गेलं, म्हणजे तिने विचारलं होतं, पण उत्तर आलं नाही. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे. तिच्या ओळखीतल्या बऱ्याच बायका आता सोबत कोणालातरी घेऊन जातात, डॉक्टर काय बोलले ते लिहून घ्यायला आणि उत्तर नाही आलं तर परत विचारायला. तिने मला विचारलं येशील का. प्रश्नांची यादी आम्ही काल जेवणाच्या सुट्टीत केली, अकरा झाले. मी रजा टाकलीय.